खलनायक नव्या जन्मात नायक होतो तेव्हा: दुसरा भाग लिहिणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या कादंबरीच्या पहिल्या भागात कालसेन नावाचा राजा एका बंडखोर खोऱ्याला धडा शिकवायचा म्हणून रातोरात धरणाचे दरवाजे उघडायला लावतो. सात गावं झोपेत वाहून जातात. त्यांतून वाचलेली रेवा मोठी होऊन त्याला मारते, तिथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात हाच कालसेन त्याच खोऱ्यात एका कुंभाराच्या घरी जन्माला येतो, गोंदा म्हणून वाढतो आणि या वेळी कथेचा नायक तो आहे. वाचक त्याला स्वीकारतील का, मागचा जन्म त्याला केव्हा आठवावा आणि रेवाचं काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे. सोबतच्या आराखड्यात आणखी एक गोष्ट दिसली: पहिल्याच प्रकरणात कळतं की कालसेन एका शापित मण्याच्या अमलाखाली होता, म्हणजे धरणाचा गुन्हा खरं तर त्याचा नव्हताच.

मी २२ वर्षं कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते. माझं पहिलं सांगणं, तो मणी काढून टाका. बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, पण हे ऐका.

तुम्ही तो का घातलात हे मला कळतं. वाचक तुमच्या नायकाचा राग करतील अशी भीती वाटते, म्हणून त्याच्या डोक्यावरचं पाप आधीच उतरवून ठेवलंत. पण ज्या वाचकाने पहिला भाग वाचला आहे, त्याने ती रात्र रेवाबरोबर काढली आहे. छपरावर बसून तिने आईला हाका मारल्या, त्या त्याने ऐकल्या आहेत. आता तुम्ही त्याला म्हणता की तो राग चुकीच्या माणसावर होता. वाचकाला हे फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. शिवाय मणी आला की दुसऱ्या भागाला विषयच उरत नाही. निरपराध माणसाला पुन्हा जन्म मिळाला, यात सांगण्यासारखं काय आहे? गुन्हा त्याचाच, शुद्धीवर केलेला, आणि तरी त्याला दुसरा जन्म मिळाला. सात गावांतल्या माणसांना मात्र मिळाला नाही. तुमची कादंबरी या अन्यायावर उभी राहू शकते. मला तरी तिला दुसरा पाया दिसत नाही.

आपल्याकडे हा कथाप्रकार नवा नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो ते नरकासुराच्या नावाने, आणि गोव्यात त्याच पहाटे त्याचे मोठाले पुतळे जाळतात. तो नरकासुर महाभारताच्या वनपर्वात पुन्हा भेटतो. गंधर्वांनी पकडलेल्या दुर्योधनाला पांडव सोडवतात. त्या अपमानाने तो अन्नपाणी सोडून प्राण द्यायला बसतो, तेव्हा दानव त्याला पाताळात नेऊन धीर देतात आणि सांगतात की मारल्या गेलेल्या नरकाचा आत्मा कर्णाच्या देहात आला आहे. ज्याच्यावर मराठी वाचकाने जीव ओवाळून टाकला, त्या कर्णाच्या आत हा कारिटाचा राक्षस! त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. दुर्योधन ही हकीकत कुणालाही सांगत नाही. त्या आत्म्याच्या प्रभावाने कर्ण अर्जुनाच्या वधाचा निश्चय करतो असंही तिथे आहे, पण आपल्या आत कोण आहे हे त्याला कुणी सांगितल्याचं मात्र नाही. म्हणजे ठाऊक दुर्योधनाला आणि आपल्याला. एवढ्या एका मुक्या गोष्टीने दुर्योधन कर्णाकडे ज्या नजरेने बघतो ती बदलते.

म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर काढा: गोंदा कोण आहे हे कुणाकुणाला माहीत आहे, कधीपासून आणि कशावरून. आठवण कधी यावी हा तुमचा प्रश्न याच्या पोटातला आहे.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. गोंदाची ओळख वाचकापासून दीडशे पानं लपवून ठेवतात. वाचकाला पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरातून कळलेलं असतं, नाही तर तिसऱ्या पानावर त्याने ओळखलेलं असतं, आणि लेखक मात्र एकशे पन्नासाव्या पानावर विजा कडाडवतो. पहिला भाग वाचून आलेल्या माणसाकडे मागच्या जन्माची आठवण आधीपासून आहे. या कथेतला पहिला जातिस्मर, म्हणजे मागचा जन्म आठवणारा, वाचकच. त्याच्यापासून लपवण्याजोगं फक्त हेच की गोंदाला केव्हा कळेल आणि कळल्यावर तो काय करेल. तेव्हा पहिल्याच प्रकरणात, शक्यतो पहिल्याच पानावर, वाचकाला सांगून मोकळे व्हा.

सध्या जपानी आणि कोरियन वेबकथांमधून जो पुनर्जन्म आपल्या तरुण लेखकांकडे येतो आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या एका लोकप्रिय प्रकारात नायिका डोळे उघडते ती थेट एखाद्या कथेतल्या खलनायिकेच्या देहात, आणि आपला शेवट वाईट होणार हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. गंमत आहे ती पुढचं माहीत असण्यात आणि ते चुकवण्याच्या धडपडीत. तिच्या खात्यावर स्वतः केलेला खून बहुधा नसतो. ती दुसऱ्याच्या देहात आलेली पाहुणी असते. तुमचा गोंदा पाहुणा नाही. ते तंत्र उचलाल तर पहिली चार प्रकरणं धावतील आणि पाचव्यात वाचक विचारेल की याला झोप कशी लागते.

आठवण मी उशिरा आणेन आणि तुकड्यातुकड्याने आणेन, पण स्वप्नातून आणणार नाही. स्वप्नात जुना जन्म दिसणं इतकं झिजलं आहे की वाचक तिरप्या टायपातला मजकूर दिसला की पान उलटतो. कथासरित्सागराच्या सुरुवातीला बघा. शिवाने पार्वतीला सांगितलेली कथा चोरून ऐकल्याबद्दल पुष्पदंत या शिवाच्या गणाला शाप मिळतो आणि तो पृथ्वीवर वररुची म्हणून जन्मतो. त्याला पूर्वजन्म आठवतो तो विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाच्या पिशाचाची गाठ पडल्यावर, आणि आठवल्याबरोबर त्याच्यावर काम येऊन पडतं: ती कथा आता याला सांगायची. त्याची बाजू घेणारा माल्यवानही शापात सापडतो. तो गुणाढ्य होतो, सातवाहनाच्या दरबारात, म्हणजे आपल्या पैठणच्या परंपरेत येतो, आणि त्याच्यावर ती कथा जगात पसरवण्याचं काम येतं. तिथे आठवण माणसाच्या भेटीतून येते आणि येताना कर्तव्य घेऊन येते. गोंदाची आठवणही अशी यावी. ती आल्यावर त्याला काहीतरी करावं लागलंच पाहिजे, नुसतं डोकं धरून बसता येऊ नये.

मराठीत तुमच्या हाताशी एक साधन आहे, ते वापरा. कालसेन राजा होता. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणत असणार. गोंदा कुंभाराचा पोर आहे, तो ‘मी’ म्हणतो. एखाद्या दुपारी, तापाने फणफणलेला असताना, तो आईला म्हणतो, “आम्हांस पाणी द्या.” आई हसते, पोराला चढलाय म्हणते, तांब्या पुढे करते. खोलीच्या दारात बसलेली म्हातारी आजी मात्र हसत नाही. तिने हा आवाज नाही, पण ही बोलायची तऱ्हा एकदा ऐकलेली आहे. एका सर्वनामात तुमचं काम झालं. पुढे गोंदा जेव्हा जेव्हा घाबरेल किंवा चिडेल, तेव्हा त्याच्या तोंडातून ‘आम्ही’ निसटू द्या, आणि पुस्तकाच्या शेवटाकडे एकदा तो पूर्ण शुद्धीत, जाणूनबुजून ‘मी’ म्हणू द्या: “दरवाजे मी उघडायला लावले.” त्या ‘मी’साठी वाचक तीनशे पानं थांबलेला असेल.

दुसरं साधन तुम्ही स्वतःच निर्माण केलं आहे आणि तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्याला कुंभाराच्या घरी का घातलंत? आराखड्यात लिहिलं आहे, ‘गरीब घर दाखवण्यासाठी’. अहो, कुंभाराला माती लागते, आणि त्या खोऱ्यात सगळ्यात चांगली माती कुठे असेल? पूर ओसरल्यावर जिथे गाळ साचला तिथे. म्हणजे गोंदा ज्या मातीवर वाढतो आहे, ती त्या सात गावांवरची माती आहे. हे प्रकरण असं लिहून बघा. सकाळची वेळ, बाप चाकाजवळ, गोंदा अंगणात माती तुडवतो आहे. पायाला काहीतरी टोचतं. खडा असेल म्हणून तो वाकून काढतो, बोटांनी चिखल पुसतो. तान्ह्या पोराचा वाळा आहे, काळवंडलेला. बाप बघतो आणि शांतपणे म्हणतो, “निघतात कधी कधी. कोनाड्यात ठेव.” गोंदा कोनाड्याशी जातो. तिथे आधीचे अकरा आहेत. तो ते मोजतो, आणि मोजताना त्याला जाणवतं की असं काहीतरी आपण पूर्वीही मोजलं आहे.

मोजण्याची सवय मी मुद्दाम घातली. तुमच्या पहिल्या भागात कालसेन हुकूम देताना कारभाऱ्याला विचारतो, “गावं किती? माणसं किती?” आणि आकडा ऐकून मान हलवतो. पहिल्या भागातली ती मला सर्वांत भयंकर ओळ वाटली. ती सवय दुसऱ्या जन्मात सुटू देऊ नका. नायक करायचा म्हणून गोंदाला गरीब गाय केलंत, मुंगीही न मारणारा केलंत, तर तो दुसराच कुणी माणूस झाला. मग कालसेनाचा पुनर्जन्म कशाला हवा? तीच धारदार बुद्धी, तोच हट्ट, माणसांचा आकडा करण्याची तीच खोड त्याच्यात असू द्या. मडकी मोजताना, बाजारात भाव करताना ती उपयोगी पडते, बापाला तिचं कौतुकही वाटतं. वाचकाच्या अंगावर मात्र काटा येतो. पुढे कधीतरी तो आकड्याच्या जागी नावं विचारायला लागेल. हा वाळा कुणाचा? त्या घरात कोण राहत होतं? बदल दाखवायचा तर एवढ्या लहान जागी दाखवा.

विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात मैत्रेय नेमका वाचकाचा प्रश्न विचारतो. तोच जीव हिरण्यकशिपू झाला, तोच रावण झाला, दोन्ही वेळा विष्णूच्या हातून मेला आणि तरी सुटला नाही; मग शिशुपाल होऊन मेल्यावरच का सुटला? पराशर प्रत्येक जन्माचा फरक सांगतो. नृसिंहाला पाहताना हिरण्यकशिपूला हा विष्णू आहे हे कळलंच नाही. रावणाचं मन जानकीत गुंतलेलं होतं, समोरचा राम त्याला माणूसच वाटला. शिशुपालाने मात्र वैरापोटी का होईना, उठता-बसता कृष्णाचंच नाव घेतलं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून लेखक म्हणून हे वाचा. तीन जन्मांत वैर तेच आहे, हट्ट तोच आहे. हलतं ते फक्त ओळखणं. संपूर्ण स्वभाव उलटवून टाकण्याची गरज पुराणकारालाही वाटली नाही.

आता वाचक त्याला स्वीकारतील का, याबद्दल. स्वीकारतील, पण तुम्ही त्याच्या वाट्याचे दगड चुकवले नाहीत तर. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अंगुलिमाल सुत्त एकदा मुळातून, निदान चांगल्या अनुवादातून, वाचाच. लोकांना मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर भिक्खू होतो, राजा प्रसेनजितही त्याला अभय देतो. कथा इथे संपवता आली असती. पण सुत्त त्याला श्रावस्तीत भिक्षेला पाठवतं. कुणी ढेकूळ मारतं, कुणी काठी, कुणी खापरी. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं, आणि रक्ताने माखलेला तो बुद्धाकडे परत येतो. बुद्ध त्याला सांगतो, सहन कर, तुझ्या कर्माचं फळ तू इथेच भोगतो आहेस. बुद्ध लोकांना थांबवायला जात नाही. ढेकूळ मारणाऱ्यांना कुणी वाईट ठरवत नाही.

त्याच सुत्तात याहून बारीक एक जागा आहे. प्रसूतीत अडलेल्या एका बाईला पाहून अंगुलिमाल कळवळतो. बुद्ध त्याला सांगतो, तिच्याकडे जा आणि म्हण, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही, या सत्याने तुझं कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणतो, पण हे तर खोटं होईल. तेव्हा बुद्ध वाक्यात दुरुस्ती करतो: आर्य जन्म मिळाल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून. दुसरा जन्म झालेल्या माणसाला काय म्हणायचा हक्क आहे आणि काय नाही, हे त्या एका दुरुस्तीत आलं. गोंदाच्या तोंडी कुठेही ‘तो मी नव्हतो’ असं येणार असेल तर तिथे थांबा आणि ही दुरुस्ती आठवा. त्याला फार तर म्हणता येईल, गोंदा झाल्यापासून मी असं केलं नाही. त्याच्या आधीचं त्याला नाकारता येणार नाही.

रेवाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमच्या आराखड्यात ती खोऱ्याची कठोर अधिकारी झाली आहे, गोंदाचा छळ करते आणि शेवटी आपली चूक मान्य करते. असं करू नका, मनापासून सांगते. नव्या नायकाला उजळ दाखवण्यासाठी जुन्या नायिकेला काळं फासणं हा दुसऱ्या भागांचा जुना रोग आहे. रेवाची चूक कोणती? तिची आई गेली. तिला राग असण्याचा पुरेपूर हक्क आहे आणि तो राग पुस्तक संपेपर्यंत खरा राहिला पाहिजे. तिला खलनायिका न करता गोंदासमोर उभी करा; प्रसंग आपोआप अवघड होतील, कारण वाचकाला दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटेल.

तिच्यासाठी आणखी एक वाट आहे. वृत्राला मारल्यावर इंद्र विजयोत्सव करत बसत नाही. हत्येच्या पापाने तो कमळाच्या देठात जाऊन लपतो. मारणाऱ्यालाही मारण्याचा भार असतो. रेवाने सोळा वर्षांपूर्वी एका माणसाला मारलं, लोकांनी तिचे पोवाडे गायले, आणि ती रात्री कशी झोपते हे कुणी विचारलं नाही. ते विचारणारा पहिला माणूस गोंदा असेल तर? त्याला तेव्हा आपण कोण हे माहीत नसावं, तिलाही नसावं. वाचकाला माहीत असेल. ते प्रकरण तुम्ही नीट लिहिलंत तर मला ते मध्यरात्री उठून वाचायला आवडेल.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका हस्तलिखितात लेखिकेने एका बळीच्या आईवर आख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्या बाईचा पुढच्या कथेशी काही संबंध नव्हता, गती अडते म्हणून मी ते काढायला लावलं. पुस्तक आलं, चांगलं चाललं. पण वाचकांची पत्रं आली त्यांत पुन्हा पुन्हा एकच होतं: नायकाला सगळ्यांनी इतक्या लवकर माफ कसं केलं? कथेत कुणीही लवकर माफ केलेलं नव्हतं. माफ न करणारी बाईच मी पुस्तकातून काढून टाकली होती. तेव्हापासून अशा पुस्तकात मी आधी तिला शोधते. तुमच्या पुस्तकात ती अजून नाही. वाळा ज्या घरातला आहे त्या घरातलं कुणीतरी जिवंत ठेवा, आणि त्या माणसाला क्षमा करायला लावू नका.

नव्या खलनायकाचं कोडं सोपं आहे. कालसेन परत येईल म्हणून वाट पाहत बसलेले त्याचे जुने सरदार तुमच्याकडे आयते आहेत. त्यांनी गोंदाला त्याच्या आधी ओळखावं आणि त्याला प्रेमाने, मुजरा करून, ‘महाराज’ म्हणून हाक मारावी. गावात दगड मिळतात आणि तिकडे मुजरे मिळतात, ही ओढ पुरेशी आहे. त्यावर आणखी राक्षस-सैन्य नको.

शेवटी गोंदाला धरणाचा दरवाजा अडवताना मारायचं तुम्ही योजलं आहे. हौतात्म्याने सगळं फिटतं असं लेखकाला वाटतं, कारण मेल्यावर हिशेब मागायला कुणी येत नाही. त्याला जगवा. त्याला रोज सकाळी त्याच गाळाची माती आणावी लागू दे, त्याच रस्त्याने, त्या बाईच्या दारावरून.

आराखडा तूर्त बाजूला ठेवा आणि आधी वाळ्याचं प्रकरण लिहा. हजार-बाराशे शब्द पुरेत. बापाचं ते एक वाक्य सोडून त्यात कुणी काही बोलू नये. ते लिहून झालं की पहिलं प्रकरण मण्याशिवाय नव्याने लिहायला घ्या.